मधलं बिऱ्हाड

तुलना करू नये, असं सगळेच सांगतात. हा उपदेश करणारा गृहस्थ बहुधा तुलनेत वर निघालेला असतो. खाली राहिलेल्याला असले उपदेश सुचत नाहीत. त्यानं ते फक्त ऐकायचे असतात. पण खरं सांगायचं तर माणूस उठल्यापासून निजेपर्यंत दुसरं करतो काय? समोरच्यांच्या मुलीला गणितात किती पडले, त्यांच्या गॅलरीतली तुळस फोफावली आणि आपलीच का वाळली, त्यांच्याकडे आंब्याची पेटी आली तर ती विकतची की कुणी आणून दिलेली, ही सगळी तुलनाच. फक्त त्यात एक पथ्य कटाक्षानं पाळलं जातं. तुलना करायची ती शेजाऱ्याशी. कुणा अब्जाधीशाच्या घरच्या लग्नात कोट्यवधी रुपये उडाले तरी आपली झोप जात नाही. समोरच्या बिऱ्हाडात दोन दरवाजांचा फ्रीज आला की जाते.

आकाशातही हाच रिवाज आहे. गुरूशी पृथ्वीची तुलना कुणी करत नाही. त्याचा व्यास आपल्या अकरापट, आणि अंगावर उभं राहायला जमीन म्हणून नाही. असल्या बड्या असामीशी आपला काय संबंध! तुलना व्हायची ती सूर्याला लागून असलेल्या चौघांत : बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ. चौघेही दगडाचे. पोटात लोखंड, वर खडक. एका चाळीत, एका मजल्यावर, ओळीनं चार खोल्या असाव्यात तसा मामला. सूर्यापासून मोजलं तर पहिली खोली ५.८ कोटी किलोमीटरवर, दुसरी १०.८ कोटींवर, तिसरी आपली १५ कोटींवर आणि चौथी २२.८ कोटींवर.

एका कॉमर्स ग्रॅज्युएटच्या डोक्यात हे आकडे शिरायला कारण झाले आमचे चिरंजीव. ते सहावीत आहेत. शाळेनं त्यांना हे चार ग्रह करून आणायला सांगितले; म्हणजे ओघानंच मला सांगितले. थर्माकोलला बंदी, तेव्हा कागदाचा लगदा आला. हजार किलोमीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. बुध झाला ४.९ सेंटिमीटरचा, लिंबाएवढा. मंगळ ६.८ चा, टेनिसच्या चेंडूएवढा. पृथ्वी १२.७ ची आणि शुक्र १२.१ चा, दोन्ही सोललेल्या नारळाएवढे. गोळे खिडकीत वाळत ठेवले होते. ही केरसुणी घेऊन आली आणि तिनं विचारलं, “अहो, यातली पृथ्वी कुठली?”

टेप लावून सांगावं लागलं. सहा मिलिमीटरचा फरक! एवढा फरक तर एका आईच्या जुळ्या मुलांत असतो. वजनाचं म्हणाल तर पृथ्वीला शंभर मानलं तर शुक्र ८१ भरतो. आणि तरीही रंगकामाच्या दिवशी एका गोळ्यावर निळा समुद्र आला, हिरवी जमीन आली, मुंबईच्या जागी चिरंजिवांनी लाल टिंब दिलं. आणि दुसऱ्यावर पिवळट पांढरा रंग फासून आम्ही मोकळे झालो, कारण त्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतंच. ते सहा मिलिमीटर तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले आहेत.

आता आधी शेजारी कोण ते ठरवू या, कारण इथंच पहिला घोळ आहे. शुक्र आपल्या सगळ्यात जवळ येतो, सुमारे ४ कोटी किलोमीटरवर. आमच्या गोळ्यांच्या प्रमाणात ४०० मीटर, म्हणजे आमच्या दारापासून भाजीमंडई. मंगळ फार फार तर साडेपाच कोटींवर येतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये तो इतका जवळ आला होता. तेव्हा शेजारी शुक्र, असं आपण म्हणून टाकतो. पण जवळ येणारा माणूस दूरही जातो, हे आपण विसरतो. शुक्र सूर्यापलीकडे गेला की २६ कोटी किलोमीटर लांब असतो. मंगळ तर ४० कोटींवर जातो. २०१९ साली काही जणांनी या अंतरांची चक्क सरासरी काढली, आणि निघालं काय, तर वर्षानुवर्षांच्या हिशेबात पृथ्वीला सगळ्यात जवळचा ग्रह बुध! तो बिचारा सूर्याला धरून असतो, त्यामुळे फार जवळ कधी येत नाही, पण फार लांबही जात नाही. बँकेत ज्यानं ‘सरासरी शिल्लक’ हा शब्द एकदा तरी गिऱ्हाइकाला समजावून सांगितला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पगाराच्या दिवशी खातं भरलेलं असणारे पुष्कळ असतात. मजा अशी, की बुधाची सरासरी शुक्राशीही सगळ्यात कमी आहे आणि मंगळाशीही. सगळ्यांचा खरा शेजारी तोच, आणि कुणाच्या बोलण्यात त्याचं नाव नाही. असा एक माणूस प्रत्येक चाळीत असतो.

फिरण्याच्या बाबतीत म्हणाल तर नियम साधा आहे : सूर्याच्या जेवढं जवळ तेवढी धावपळ जास्त. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो आणि ८८ दिवसांत वर्ष उरकतो. शुक्र ३५ किलोमीटरनं पळून २२५ दिवस घेतो. आपण ३० किलोमीटरनं ३६५ दिवसांत आणि मंगळ २४ किलोमीटरनं, सावकाश, ६८७ दिवसांत. दर २६ महिन्यांनी आपण मंगळाला मागं टाकतो. तेव्हा शेजारच्या रुळावरची स्लो लोकल फास्टमधून उलटी जाताना दिसावी, तसा मंगळ काही आठवडे मागं सरकताना दिसतो. त्यालाच आपण ‘वक्री’ म्हणतो आणि मुलीचं लग्न पुढं ढकलतो. तो बापडा सरळच चाललेला असतो.

पण मंगळाची एक खोड खरी आहे. त्याची कक्षा बरीच लांबट आहे. कधी तो सूर्यापासून २०.७ कोटींवर असतो, कधी २४.९ कोटींवर. शुक्राची कक्षा मात्र परकारानं काढल्यासारखी जवळजवळ गोल. या खोडीनंच केप्लरचं भलं केलं. १६०० साली तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला तेव्हा त्याच्या वाट्याला मंगळ आला. वर्षानुवर्षं आकडेमोड करून त्यानं मंगळाची एक वर्तुळाकार वाट बसवली. सगळं जुळलं, फरक राहिला आठ कलांचा. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव हिस्सा. दुसऱ्या कुणी चहा मागवला असता. यानं वर्तुळच फेकून दिलं, आणि १६०९ साली जगाला सांगितलं की ग्रह लंबवर्तुळात फिरतात. दिवसाअखेर बारा रुपयांच्या फरकासाठी ज्यानं रात्री साडेआठपर्यंत व्हाउचरं उलथली आहेत त्याच्या मनात केप्लरबद्दल काय भावना आहेत, ते शब्दांत सांगता येणार नाही. पण एक लक्षात घ्या. त्याच्या वाट्याला शुक्र आला असता तर? गोल कक्षेत वर्तुळ बिनतक्रार बसलं असतं, आणि आठ कलांचा प्रश्नच निघाला नसता. हे मी विसरू देणार नाही. पुढं एकदा काढायचं आहे.

तर शुक्र. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसणारी ती चांदणी, जिला पाहून चाळिशीतला माणूससुद्धा दोन मिनिटं बरा वागतो. ती प्रत्यक्षात काय आहे म्हणता? जमिनीवर ४६५ अंश सेल्सिअस. शिसं ३२७ ला वितळतं. हवेचा दाब आपल्या नव्वदपट. वर गंधकाच्या आम्लाचे ढग. रशियाचं व्हेनेरा ७ हे यान १९७० च्या डिसेंबरात तिथं उतरलं आणि २३ मिनिटं बोलून गप्प झालं. १९८२ साली व्हेनेरा १३ नं १२७ मिनिटं तग धरला, हा पराक्रम मानतात. शिवाय शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो. तिथं सूर्य खरोखरच पश्चिमेला उगवतो, आणि एकदा उगवल्यावर पुन्हा उगवायला आपले ११७ दिवस लागतात. रोजंदारीवर काम करणाऱ्यानं तिथं जाऊ नये.

आता कुणीही म्हणेल, सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापला. मलाही तसंच वाटलं होतं. पण बुध त्याहून जवळ आहे. तो दिवसा ४३० अंशांवर थांबतो आणि रात्री शून्याखाली १८० पर्यंत गारठतो. आणि आपलंच बघा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीत. जुलैपेक्षा ५० लाख किलोमीटर जवळ! त्याच महिन्यात नाशिकला लोक शेकोटीभोवती बसतात. तेव्हा नुसतं जवळ असणं म्हणजे तापणं नव्हे.

मी जमाखर्च मांडून पाहिला. सूर्याकडून पृथ्वीच्या दारात शंभर रुपये येतात असं धरा. त्यातले तीस ती ढगांवरून, बर्फावरून परत धाडते आणि सत्तर ठेवून घेते. शुक्राच्या दारात एकशे नव्वद येतात. पण त्याचे ढग इतके लख्ख, की तो जवळजवळ एकशे पंचेचाळीस दारातूनच परत करतो. ठेवतो पंचेचाळीस. म्हणजे आपल्यापेक्षा कमी! मग तापला का? तर खर्च होत नाही म्हणून. त्याची हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि ती आलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पुराणातल्या शुक्राचार्यांनी बळीराजाचं दान अडवायला झारीच्या तोंडात जाऊन बसायचं ठरवलं, ती गोष्ट रचणाऱ्याला यातलं काय ठाऊक असणार? पण नाव अगदी बरोबर माणसाला गेलं आहे. झारीचं तोंड अजून बंद आहे.

मंगळाची कथा उलटी आहे. तसा तो आपला रक्ताचा. पुराणात त्याला भूमिपुत्रच म्हटलंय. त्याचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. रोज उठल्यावर चाळीस मिनिटं जादा, ही सरकारी खात्यात कुणालाही न मिळालेली सवलत आहे. आसही आपल्यासारखाच कललेला, तेव्हा ऋतूही आहेत. कोरड्या नद्यांची पात्रं आहेत. म्हणजे एके काळी तिथं पाणी वाहत होतं. पण अंगानं लहान. वजन पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढं. लहान भाकरी लवकर गार होते, तसा तो पोटातून लवकर गार झाला. पोटातलं लोखंड फिरायचं थांबलं, चुंबकाचं कवच गेलं, आणि सूर्याकडून येणारा झोत त्याची हवा उडवून नेऊ लागला. अजून नेतोय. अमेरिकेचं मेव्हन यान आणि आपलं मंगळयान २०१४ च्या सप्टेंबरात दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तिथं पोचले. आपण साडेचारशे कोटींत पोचलो, आणि सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेलं यान २०२२ पर्यंत टिकलं, हे इथं सांगायची गरज नव्हती, पण राहवत नाही. तर मेव्हननं मोजलं : सेकंदाला सुमारे शंभर ग्रॅम हवा जाते. शंभर ग्रॅम म्हणजे काय, चहाची पुडी. पण रोज सेकंदाला एक पुडी करत कोट्यवधी वर्षं गेली, की डबा रिकामा होतो. आज तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्काही नाही, आणि सरासरी तापमान शून्याखाली साठच्या घरात आहे.

अशी डावी-उजवीकडची बिऱ्हाडं. एक पोळून निघालं, एक गोठलं. आणि मधल्या बिऱ्हाडात आपण, गॅलरीत मोगरा लावून.

आता माझ्यातला कारकून विचारतो, या मधल्या बिऱ्हाडानं केलं काय? शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड आहे, जवळपास तेवढ्याच डायऑक्साइडचा कार्बन पृथ्वीकडेही आहे. मग आपल्याकडे शिसं का वितळत नाही? कारण पृथ्वीनं तो मुदत ठेवीत घातला. पावसानं तो हवेतून धुऊन नेला, नद्यांनी समुद्रात नेला, शिंपल्यांनी अंगावर चढवला, आणि त्याचा चुनखडक झाला. चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने ज्या दगडावर चालतात ती ही ठेव. (आपण हल्ली ती मुदतीआधी मोडतो आहोत, आणि कोळशाचीही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिताना विनोद सुचत नाही.) थोडक्यात, पृथ्वीनं काटकसर केली, शुक्रानं केली नाही. वा! शाबास पृथ्वी! पण थांबा. ही ठेव ठेवायला पाणी लागलं. शुक्रावरही एके काळी बरंच पाणी असावं, असं तिथल्या उरल्यासुरल्या वाफेतल्या जड हायड्रोजनवरून दिसतं. त्याचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे, म्हणजे हलका उडून गेला आणि जड मागं राहिला. पृथ्वीचं पाणी टिकलं, कारण ती चार कोटी किलोमीटर अलीकडे होती. आणि तिची हवा टिकली, कारण ती मंगळासारखी किडकिडीत नव्हती. काटकसर तिची, पण काटकसर करण्याची सोय जागेची. मग शाबासकी कुणाला द्यायची?

हा प्रश्न मला ग्रहांसाठी पडला नव्हता, हे तुम्ही ओळखलं असेल.

शाळेत माझ्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगा बसत असे. त्याला आपण बाकमित्र म्हणू. पाचवी ते दहावी एकच बाक, दहावीला दोघांच्या गुणांत तीनाचा फरक. तीन त्याला जास्त. नववीत वक्तृत्वस्पर्धेला विषय होता, ‘दैव श्रेष्ठ की प्रयत्न?’ दरवर्षी तोच असतो. तो प्रयत्नाच्या बाजूनं बोलला आणि पहिला आला. मी दैवाच्या बाजूनं बोललो आणि मला उत्तेजनार्थ मिळालं, तेही स्पर्धक चारच होते म्हणून. बारावीच्या दिवाळीत त्याचे वडील गेले. घरात आई आणि धाकटी बहीण. तो एका किराणा दुकानात पोती मोजायला लागला. मी बी.कॉम. झालो, बँकेची परीक्षा दिली आणि निवड यादीत शेवटून दुसरा आलो. शेवटच्याहून खाली जो होता त्याचं पुढं काय झालं कोण जाणे.

बाकमित्राचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. आधी दुकान, मग आकडा, मग बाटली. हातउसनं घेतलेलं बुडवणं. आता गावात आमच्या वयाच्या मुलांना त्याचं उदाहरण देतात, आणि लगेच माझं देतात. “एका बाकावरचे दोघं, बघा!” एका बाकावरचे! हे वाक्य लोक माझं कौतुक म्हणून बोलतात, आणि मी पगाराच्या स्लिपेकडे बघतो आणि मला तिच्यात माझं नेमकं किती आहे ते सापडत नाही.

गेल्या वर्षी तो घरी आला. वर्षभर पीत नाही म्हणाला. डोळ्यांवरून तसं वाटलंही. मिरची-मसाला कांडायचं यंत्र घ्यायचं होतं. पतपेढी साठ हजार द्यायला तयार होती, पण जामीनदार पगारदार हवा. “तू नाही म्हणालास तरी मी समजेन,” असं म्हणाला. हे वाक्य माणसाला फार अडचणीत टाकतं.

तो गेल्यावर मी हिला शुक्राची गोष्ट सांगितली. सहा मिलिमीटर, चार कोटी किलोमीटर, सगळं. ती तांदूळ निवडत होती.

“झालं?” ती म्हणाली. “मग आता मला सांगा, शुक्रानं मनात आणलं तर तो उद्यापासून गार होईल का?”

“नाही.”

“भावजींनी मनात आणलं असतं तर दहा वर्षांपूर्वी बाटली सुटली असती का?”

“...सुटली असती.”

“मग ग्रह कशाला मध्ये आणता? आणि त्याच घरातली त्यांची बहीण नर्स झाली. तिचे वडील नव्हते का गेले?”

हे बिनतोड होतं. पण मला आठवलं, बहिणीच्या नर्सिंगच्या तीन वर्षांची फी किराणा दुकानातल्या पोत्यांतून गेली होती. ते मी म्हणालो. ती थोडा वेळ गप्प झाली. तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “ते चांगलंच केलं त्यांनी. पण दारू कुणी पाजली?”

याला उत्तर नाही. निदान माझ्याकडे नाही. मोठमोठ्यांनी यावर डोकं आपटलं आहे. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ १७८५ साली म्हणून गेला की निसर्गानं सावत्र आईसारखं वागून माणसाच्या हाती काही दिलं नाही, तरी त्याची सदिच्छा रत्नासारखी आपल्या तेजानं चमकते. ऐकायला छान आहे. तर १९७१ साली अमेरिकेतल्या रॉल्सनं लिहिलं की प्रयत्न करण्याची वृत्तीसुद्धा घर आणि परिस्थिती यांतूनच येते, तेव्हा तिचंही श्रेय सरळ आपल्या नावावर लावता येत नाही. मी हिला रॉल्स ऐकवला. जरा विजयी मुद्रेनं.

“असं होय!” ती म्हणाली. “म्हणजे कुणाचंच काही नाही. मग तुम्ही सही केली नाहीत तर तोही तुमचा दोष नाही. ग्रहांचा.”

अकरावीपर्यंतच शिकू दिलेल्या बाईनं रॉल्सला असं दोन वाक्यांत दारातूनच परत पाठवावं! पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि एक गोष्ट ध्यानात आली. आपण सगळे दोन खाती ठेवतो. एक दैवाचं, एक कर्तृत्वाचं. आणि नोंदी बेमालूम फिरवतो. मला नोकरी लागली : कर्तृत्व. माझी बढती हुकली : दैव. त्याला लॉटरी लागली : दैव. त्याचं घर बुडालं : कर्तृत्व, म्हणजे त्याचंच. असली खातेवही कुठल्याही तपासनिसासमोर पाच मिनिटं टिकणार नाही. मी नोंदी उलट करून पाहिल्या. त्याच्या बुडण्यात दैव किती ते आधी लिहायचं, आणि माझ्या तरण्यातही. उरेल ते कर्तृत्व. माझ्या खात्यावर फार काही उरलं नाही. त्याच्या खात्यावर तीन वर्षांची फी उरली, आणि दारूही उरली. तीही मी पुसू शकलो नाही. हिनं पुसू दिली नसती.

आणि इथं केप्लर आठवला. मंगळ वाट्याला येणं हे दैव, कबूल. पण त्या आठ कला? त्या डोळ्याआड करणं अगदी सोपं होतं, त्यानं केलं नाही. हेही कुठून तरी आलं असेल. त्याच्या आईकडून, गुरुजींकडून, कदाचित मोडक्या तब्येतीतून. असेल. तरी त्या रात्री प्रागमध्ये आकडे समोर घेऊन बसलेला माणूस तोच होता, त्याच्या वतीनं दुसरा कुणी बसला नव्हता. दुसऱ्याचा हिशेब करताना दैव धरावं. पण आपल्यासमोर कागद आला की तिथं दैवाला सही करता येत नाही. हे तर्कशास्त्रात बसतं की नाही मला ठाऊक नाही. बँकेत मात्र बसतं.

सकाळी हिला म्हणालो, “सही करतोय.”

“करा,” ती म्हणाली. “मी नको कुठं म्हटलं होतं? ग्रह नको म्हटलं होतं.”

यंत्र आलं. मंडईमागच्या गल्लीत बसवलं आहे. लाल तिखटाचा खकाणा गल्लीभर असतो, त्यामुळे तिथून जाणारा प्रत्येक जण त्याच्या प्रगतीवर डोळे पुसतो. हप्ता दोन हजार नऊशेचा. आजवर सात आले. पाचवा अकरा दिवस उशिरा आला. त्या अकरा दिवसांत रोज संध्याकाळी गॅलरीतून शुक्र दिसत होता, आणि मी त्याच्याबद्दल काही बरं बोललो नाही, असं हिचं म्हणणं आहे.